हिरड्यावरचा फोन

अंबाबाईचा अंगठा काही केल्या उठेना.

दादाभाऊच्या रेशन दुकानात मशिनीपुढं ती वाकून उभी होती. मागं वाघदऱ्याच्या बायाबापड्यांची रांग. मशिनीतला तांबडा उजेड तिच्या अंगठ्याखाली लागायचा, थरथरायचा आणि विझायचा.

"आजी, दाबा जरा."

"दाबलाय की रं बाबा. आता काय बोट आत घालू?"

रांगेतल्या बाया हसल्या. अंबाबाईनं अंगठा लुगड्याला पुसला, केसांवरून फिरवला, पुन्हा ठेवला. दादाभाऊनं लिंबाची फोड दिली. त्याच्या टेबलावर ती असल्या अंगठ्यांसाठीच ठेवलेली असायची. तिनं लिंबू चोळलं. मग तर्जनी झाली, मधलं झालं, दुसरा हात झाला. एकही बोट मशिनीला पटलं नाही. सगळा जन्म भाताची आवणी केलेली, नाचणी दळलेली आणि दगडानं हिरडा फोडलेली ती बोटं. त्यांच्यावरच्या रेघा केव्हाच झिजून गेल्या होत्या. हिरड्याचा काळा डाग तेवढा राहिला होता.

"गेणूभाऊ," दादाभाऊ म्हणाला, "गेल्या महिन्यात बी असंच झालं. या महिनाअखेरीला न्हाई झालं तर म्हातारीचं नाव कटंल. मशीन म्हनतंय, ही बाई न्हाईच."

"मी हितं उभी हाय की," अंबाबाई म्हणाली.

"मला दिसतीया आजी. मशिनीला दिसत न्हाई."

गेणू आईच्या मागं पोतं घेऊन उभा होता. तो म्हणाला, "दुसरा काय मार्ग असंल तर सांगा राव."

"हाय की. नंबरावर कोड जातो. कोड टाकला की मशीन तोंड बघतं, अंगठा मागत न्हाई." दादाभाऊनं चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडं बघितलं. "पन नंबर कुनाचा लावलाय? शेवटाला ब्याऐंशी."

एका बाईनं पदर तोंडाला लावला.

"सारजाचा," गेणू म्हणाला.

दादाभाऊनं चष्मा खाली घेतला. "आरं देवा," एवढंच बोलला आणि पुढच्या बाईचं कार्ड मागितलं.

*

सारजा म्हणजे गेणूची बायको. तिला जाऊन दोन वैशाख व्हायला आले होते.

उंबरमाळ ही वाडी मढच्या मागच्या डोंगरात कड्यावर आहे, आणि वाघदरा कड्याच्या तळाशी. दोन्हीकडं फोनला रेंज नाही. दादाभाऊच्या मशिनीला तेवढी छपरावर वेगळी काठी लावलेली. वाडीला रेंज मिळते ती कड्याच्या टोकाला, एका जुन्या हिरड्याच्या झाडापाशी, तीही फोन फांदीला टांगला तर. खाली धरला की गेली. हे सारजानं शोधून काढलं होतं. चोळीच्या खणाची पिशवी शिवून, आत प्लॅस्टिकचा कागद घालून ती फोन त्या हिरड्याला टांगायची. रात्री घरी चार्जिंग, दिवस उगवला की हिरड्यावर.

म्हणून मग वाडीत ज्याला त्याला जिथं जिथं नंबर द्यावा लागला, तिथं तिथं त्यानं सारजाचा दिला. गॅसला सारजाचा, आधारला सारजाचा, पोरांच्या शाळेला सारजाचा. आपल्या घरचा फोन असला तरी त्याला रेंज कुठं? कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाडीची विहीर एक, तसा वाडीचा नंबर एक.

खाली कुणाचं काम निघालं की माणूस दुकानात जाऊन बसायचा. वर पिशवीत फोन थरथरायचा. सारजा रानात कुठंही असो, पळत कड्यावर यायची, आकडे बघायची आणि दोन्ही हात तोंडाशी लावून हाळी द्यायची. "बहिरूचा कोड हाय वोऽऽ!" मग एकेक आकडा, दोनदोनदा. कड्याच्या मध्यावर माचीवर बहिरूची बायको मंगल गुरं घेऊन असायची. ती ऐकून पुढं खाली हाळी द्यायची. दहा मिनिटांत कोड शिळा होतो, पण सारजाचा कोड कधी शिळा झाला नाही.

दादाभाऊ तिची चेष्टा करायचा. "सरकार सांगतंय कोड कुनाला सांगू नका, आन् ही बया अख्ख्या खोऱ्याला सांगतीया."

"मग चोरानं यावं की कडा चढून," ती वरून खाली आल्यावर म्हणायची. "भाकर खाऊ घालीन आन् परत लावून दीन."

तिचं एकच वेगळं होतं. स्वतःचा कोड तिनं कधी हाळी देऊन सांगितला नाही. स्वतःचा आला की आकडे ओठांत घोळत, तोंडावर हात ठेवून ती कड्याच्या वाटेनं खाली पळत सुटायची. निम्म्या वेळा उशीर व्हायचा. मग पुन्हा वर, पुन्हा खाली. गेणू चिडायचा. "गावाचं वरडतीस, तुझंच काय झालंय?"

"दुसऱ्याचं वरडाया लाज कसली," ती म्हणायची. "आपलं आपल्यापाशी. त्यवढं एकच तर हाय."

वैशाखात बाळहिरडा, म्हणजे कोवळा हिरडा, वेचायच्या ऐन घाईत तिला ताप आला. कावीळ डोळ्यात उतरली तेव्हा जुन्नरच्या दवाखान्यात नेलं. ती परत आली ती बाजेवरून. त्या सगळ्या दिवसांत फोन हिरड्यावरच टांगलेला राहिला होता.

दहाव्याला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. गेणूनं हात जोडून सांगितलं, म्हातारीला बघीन. शिवला नाही. म्हशीला विकणार न्हाई. शिवला नाही. सगळी वाडी उन्हात तिष्ठत उभी. शेवटी मंगल पुढं झाली. गेणूचा थोरला चुलतभाऊ बहिरू, त्याची ही बायको. सारजाची थोरली जाऊ. ती रडत म्हणाली, "सारजे, तुझा फोन हिरड्यावरनं कुनी काडनार न्हाई. जीव अडकवू नगं बाई." गेणू म्हणाला, "न्हाई काडनार." म्हणता म्हणता कावळा खाली उतरला.

दिलेला शब्द वाडीनं पाळला. पिशवी तशीच राहिली. ती गेली त्या संध्याकाळी बटनाच्या त्या साध्या फोनचा उजेड खणातून झिरपलेला लोकांनी पाहिला होता. कुणाचा तरी कोड आला असणार. जवळ कुणी गेलं नाही. मग चार्जिंग संपलं आणि उजेडही संपला. दोन पावसाळे पिशवीवरून गेले. त्या झाडाचा हिरडा कुणी झाडला नाही, त्याच्याखाली कुणी बसलं नाही. धुकं पडलं की माचीवरच्या पोरी म्हणायच्या, वरून कुणीतरी आकडे मोजतंय. गेणूनं त्यांना कधी दटावलं नाही. त्यालाही ऐकू यायचं.

*

दुकानातून आल्यापासून अंबाबाईचं काहीतरी बिनसलं.

बाळहिरडा सुरू झाला होता. गेणू झाडावर चढून काठीनं फांद्या हलवायचा, खाली अंबाबाई पाटीत वेचायची. दुपारी कातळावर वाळत घालायचा. म्हातारी आधी कामाला धड होती, आता वेचता वेचता हात थांबायचा. अंगठा डोळ्याजवळ नेऊन बघत बसायची.

भाकरी वाढली की निम्मी परत करायची. "माझं नाव कटतंय, मग मला कशाला वाढतोस?"

"आये, कटल्यालं न्हाई आजून."

"कटंल. सारजी आन् मी, दोगी एका पंगतीला. तिचा नंबर जित्ता हाय आन् माझा अंगठा मेला. बघ काय तऱ्हा."

एकदा संध्याकाळी तो सरपण घेऊन आला तर ती ओट्यावर बसून कुणाशी तरी बोलत होती. "सरक की जरा पलीकडं," म्हणत होती. ओट्यावर दुसरं कुणी नव्हतं. गेणूला पाहून ती गप झाली. त्याला भीती तिच्या बोलण्याची वाटली नाही. तिनं जागा कुठं दाखवली ते त्यानं पाहिलं होतं. सारजा तिथंच बसायची.

दुसऱ्या दिवशी त्यानं मंगलला गाठलं. ती गोठ्यात शेण भरत होती.

"वहिनी, त्यो शबुद तुमी दिल्ता. मोडायचा तर तुमीच सांगा."

मंगलनं पाटी खाली ठेवली. "फोन काडायचा म्हनता?"

"म्हातारी जित्तेपणी भूत व्हायला लागलीय. नंबर चालू झाला तर कोड येईल."

मंगलनं शेणाचे हात गवताला पुसले. मग कमरेचा फोन काढून त्याच्या हातात दिला. "आदी हितून नंबर लावून बगा. वाजला तर तिचं मन हाय म्हनायचं. न्हाई वाजला तर पिशवीला हात लावू नगा. सपलं."

*

कड्यावर वारा होता. गेणू झाडाखाली उभा राहिला तेव्हा पायाखाली दोन वर्षांचा पडलेला हिरडा कटकट फुटला. पिशवीचा रंग उडून ती मातकट झाली होती. मुंग्यांनी तिच्या तोंडाशी पानं चिकटवली होती.

त्यानं मंगलचा फोन उंच फांदीपाशी धरला, स्पीकर लावला, नंबर दाबला. हा एकच नंबर त्याला पाठ होता.

वाजला.

गेणूनं पिशवीकडं बघितलं. पिशवी अंधारी, मुकी. एक मुंगी तिच्यावरून खाली येत होती. आणि हातातल्या फोनात पलीकडं घंटी वाजतच होती, जशी भरल्या घरात वाजते. त्यानं बुंधा धरला.

"हॅलो," बाईचा आवाज आला. "कोण बोलतंय?"

गेणूनं फोन आणखी वर धरला.

"हॅलो? तुम्ही सारजाबाईंच्या घरचे का?"

तो खाली बसला. फोन खाली आला तसा आवाज तुटला. खालून मंगलची हाळी आली, "भावजी, काय झालं वोऽऽ?" तेव्हा तो उठला, हात वर केला आणि नंबर पुन्हा लावला.

"मी गेणू," तो म्हणाला. "सारजाचा मालक. तू कोन हायेस बाई?"

"मी नूतन. आळेफाट्याला पोळीभाजी केंद्रात असते. काका, हा नंबर माझा आहे. पाच-सहा महिने झाले, सिम घेतलं तेव्हापासून वैताग आहे. कुणीतरी सारखं सारजाबाई म्हणून फोन करतं. गॅस आला सारजाबाई. शाळेत या सारजाबाई. आणि कोड तर कुणाकुणाचे येतात. एका बाईच्या मागे इतकी माणसं असतात का? मला तर रात्री फोन जवळ घेऊन झोपायची भीती वाटते. त्यांना सांगा ना नंबर बदलायला."

"ती न्हाई," गेणू म्हणाला. "दोन वरसं झाली."

पलीकडं भांडं आपटल्याचा आवाज आला.

मग नूतनच बोलली. फोन बराच काळ बंद राहिला, पैसे भरले नाहीत, की कंपनी नंबर काढून घेते आणि दुसऱ्याला देते. दुकानदारानं तिला सांगितलं होतं. तिला मिळाला तो सारजाचा. गेणूनं ऐकून घेतलं. घर रिकामं पडलं की दुसरं बिऱ्हाड येतं, तसंच म्हणायचं. मग त्यानं म्हातारीची गोष्ट सांगितली आणि म्हणाला, "आमचा कोड आला तर तू सांगशील का पोरी?"

"नाही हां, काका." तिचा आवाज एकदम बदलला. "कोड कुणाला सांगायचा नसतो. माझ्या नवऱ्याच्या खात्यातलं सगळं असंच गेलं होतं. गोड बोलून घेतला कोड. तुम्ही खरे असाल, पण मी तुम्हाला ओळखत नाही."

फोन ठेवला गेला. गेणूला राग आला नाही. पोर बरोबर बोलली होती. त्याच्या वाडीत एवढं शहाणपण आजवर कुणाला सुचलं नव्हतं, एवढंच.

*

"मला ने," अंबाबाई म्हणाली. "तोंड बघून सांगू दे तिला."

मढहून आळेफाट्याची एसटी मिळाली. म्हातारी सबंध वाट खिडकीशी अंगठा मुठीत झाकून बसली होती. फाट्यावर ट्रकांची ही गर्दी, टोमॅटोच्या क्रेटांच्या थप्प्या. विचारत विचारत पोळीभाजी केंद्र सापडलं. पत्र्याच्या शेडमध्ये चार बाया पोळ्या लाटत होत्या. त्यातली सगळ्यात बारीक चणीची नूतन.

तिनं दोघांना बघितलं आणि हातातलं लाटणं खाली ठेवलं नाही. "काका, मी नाही म्हटलं होतं ना?"

"न्हाईच म्हन पोरी," अंबाबाई खाली पोत्यावर टेकत म्हणाली. "पानी तरी दे."

नूतननं पाणी दिलं. म्हातारीनं तांब्या दोन्ही हातांत धरला. नूतनचं लक्ष तिच्या बोटांकडं गेलं. ती खाली बसली, अंगठा हातात घेऊन उजेडाकडं वळवला.

"काहीच नाही राहिलं की हो आजी."

"हिरडा फोडफोडून गेलं. तुझं बघू."

नूतननं आपला अंगठा पुढं केला. तव्याच्या चटक्यांनी तो तुकतुकीत झाला होता. "सिम घेताना माझा पण उठत नव्हता. तीन दुकानं फिरले. चौथ्यानं घेतला कसाबसा." तिनं अंगठा पदराला पुसला. "आणि मिळालं तर हे असं."

"भ्यालीस?"

"सासू म्हणते मेलेल्या बाईचा नंबर आहे, टाकून दे. पण हाच नंबर आता माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांकडं गेलाय. डबे बंद पडतील."

"टाकू नगं," अंबाबाई म्हणाली. "सारजी कुनाला खात न्हवती. स्वतःच धड खायाची न्हाई."

नूतन त्यांना जवळच्या रेशन दुकानात घेऊन गेली. इथंच उरकून टाकू म्हणाली. तिथल्या माणसानं वर न बघता सांगितलं, आपल्या दुकानात जा, इथं आमचीच उठेनात. अंबाबाई त्याला म्हणाली, "मी तर बसलीय हितं, मला कशाला उठवतोस," पण तो हसला नाही.

एसटीत बसवताना नूतननं खिडकीतून सांगितलं, "उद्या सकाळी डबे गेले की मी मोकळी असते. आधी फोन करा. आजी दुकानात बसलेल्या असतील तरच सांगीन. आजींचाच सांगीन, दुसऱ्या कुणाचा नाही."

*

सकाळी मंगल आणि बहिरूनं अंबाबाईला धरून धरून कड्याखाली नेलं. मंगल परत माचीवर येऊन उभी राहिली. गेणू वर, हिरड्याखाली, हात उंच करून. नूतनचा फोन चालू होता. तिच्या बाजूनं ट्रकांचे हॉर्न येत होते.

"लावा म्हनाव!" त्यानं हाळी दिली. आवाज फाटका निघाला. मंगलनं ती पुढं नेली. खाली दुकानाच्या दारात बहिरूनं टॉवेल हलवला. दादाभाऊनं मशिनीवर बोट लावलं होतं.

"आला का?" गेणूनं विचारलं.

"नाही."

"आता?"

"नाही आला काका. नेट हळू असेल."

वारा झाडातून फिरत होता. पिशवी हलत होती. खालून मंगल ओरडत होती, "दादाभाऊ इचारतोय, आला काऽऽ?" वेळ गेला. कोड आला तेव्हा मशिनीनं केव्हाच पाठ फिरवली होती. गेणूनं सगळे आकडे दोनदोनदा ओरडून सांगितले आणि खालून उत्तर आलं, "शिळा झाऽऽला!"

ओरडून त्याचा घसा सोलून निघाला होता. सारजा हे दिवसातून तीन तीनदा कसं करायची? त्याला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. तो घरी असला की तिची हाळी ऐकून तो कूस बदलायचा.

दुसऱ्यांदा लावला. या वेळी नूतन एकदम म्हणाली, "आला! घ्या, काका."

गेणूनं दोन्ही हात तोंडाशी न्यायला बघितलं, पण एका हातात फोन. मग एकाच हाताचा आडोसा केला. काय म्हणायचं ते त्याला माहीत होतं. दोन वर्षं धुक्यात तो तेच ऐकत आला होता.

"अंबाबाईचा कोड हाय वोऽऽ!"

समोरच्या डोंगरानं ते परत केलं. मग एकेक आकडा, दोनदोनदा. त्याच्यामागून मंगलचा आवाज खाली उतरत गेला, आणि प्रत्येक आकड्याला डोंगर तिसऱ्यांदा बोलला. फोनात नूतन म्हणाली, "काका, तुमच्याबरोबर कोण ओरडतंय?"

"वहिनी हाय खाली."

"नाही, जवळ."

गेणूनं पिशवीकडं बघितलं. त्यानं शेवटचा आकडा दिला.

बराच वेळ काहीच नाही. मग खाली टॉवेल हलला आणि मंगलची हाळी वर आली, हसत, "भावजीऽऽ! तोंड घेतलं मशिनीनं! डोळं मिचकाव म्हनलं तर म्हातारी म्हनली, ह्या वयात कुनाला डोळा मारू! झालं वोऽऽ!"

गेणूनं कपाळ बुंध्याला टेकवलं. खडबडीत साल कपाळाला रुतली. रुतू दिली.

"झालं पोरी," तो फोनात म्हणाला. "तुझं लई उपकार."

"काका, थांबा." नूतनचा आवाज खाली आला होता. "अजून एक आला."

"म्हातारीचा तर झाला."

"हा आजींचा नाही. आधारचे शेवटचे आकडे वेगळे आहेत."

तेवढ्यात मंगल पुन्हा ओरडली. आता ती हसत नव्हती. "भावजी! दादाभाऊचं बोट चुकून खालच्या नावावर पडलं! सारजाच्या! तिचं नाव आजून कार्डावरच हाय! मशीन अडकलंय म्हनतो, कोड आला आसंल तर द्याऽऽ!"

कड्याखालची रांग गेणूला मुंग्यांएवढी दिसत होती. त्या सगळ्यांचं धान्य त्या मशिनीत अडकलं होतं. कोड दिला की मशीन पुढं जाईल आणि सारजाचं तोंड मागेल. तोंड दाखवा. डोळे मिचकवा. समोर म्हातारी बसलेली असेल.

"मी आजींचाच सांगीन म्हटलं होतं," नूतन म्हणाली. "पण हा... हा तुमचाच आहे ना, काका? सांगू?"

"सांग," गेणू म्हणाला. "हळू सांग."

तिनं हळू सांगितला. गेणूनं एकेक आकडा ओठांत धरला. पिशवी त्याच्या डोक्यावर होती. सारजाचा हात कधी केसांवरून फिरावा, तशी वाऱ्यानं ती त्याच्या केसांना लागली.

"आला काऽऽ?" खालून.

गेणूनं हाताचा आडोसा केला. "न्हाईऽऽ!"

"काऽऽय?"

"कोड आलाच न्हाईऽऽ!"

मंगलनं ते खाली पोचवलं. रांगेतून कुणीतरी शिवी हासडली असेल, इथवर ऐकू आली नाही.

"काका," नूतन म्हणाली, "आलाय की. मी आत्ता वाचला."

"तुला ठावं, मला ठावं. बास झालं. डबं बघ तू आता. आन् नंबर टाकू नगंस."

त्यानं फोन कमरेला खोचला. पिशवीला हात लावला नाही. तोंडावर हात ठेवून, आकडे घोळत, तो कड्याच्या वाटेला लागला. सारजा पळायची, तो पळाला नाही. दगडांवरून एकेक पाय टाकत उतरला. माचीवर मंगलनं काहीतरी विचारलं. त्यानं मान हलवली आणि पुढं गेला.

दुकानापाशी पोचला तेव्हा मशीन केव्हाच सुटलं होतं. रांग पुढं सरकत होती. दादाभाऊ म्हणाला, "गेणूभाऊ, चुकलं बघ. तिचं नाव आता आपसूक कटंल महिनाअखेरीला. काय करायचं?"

गेणूनं मान डोलावली. तोंडावरचा हात काढला नव्हता.

अंबाबाई दाराशी तांदळाच्या पोत्यावर बसली होती. तिनं त्याच्याकडं बघितलं, त्या हाताकडं बघितलं. कितीदा तरी सारजाला असंच या दारात येताना तिनं पाहिलेलं होतं. ती पोत्यावर बाजूला सरकली आणि जागा केली. एका माणसाला लागते त्याहून जरा जास्तच.